दारं धरणाऱ्यांना थायमस शिकवताना

सकाळी ६.३०. नातेपुत्यातलं ओळखीचं चिकन सेंटर. कोंबडी सोलायच्या आधीच मान मागून घ्यावी लागते, कारण कातड्याबरोबर थायमस निघून जातो. कोंबडीत ही ग्रंथी मानेच्या दोन्ही बाजूंना, शिरेलगत मण्यांसारखी ओळीने असते. कापणारे तिला चरबीच समजतात.

८.००. बारावीचा तास. मागच्या बाकावरचा एकजण डोळे चोळतोय. "रात्रीची लाईट होती सर. दारं धरत होतो." म्हणजे रात्रभर रानात सरीसरीला पाणी देत होता.

त्यालाच फळ्याजवळ बोलावलं. पाट काढला, सऱ्या काढल्या. जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, जशा रानात सगळ्या सऱ्या. पाणी कुठं सोडायचं हे ठरवणारी प्रथिनं म्हणजे प्रतिलेखन घटक. डीएनएवर ठरावीक जागी बसून ती जनुक चालू किंवा बंद करतात. अस्थिमज्जेतून आलेल्या पेशीला थायमसमध्ये नॉच या ग्राहीमार्फत संदेश मिळतो, मग टीसीएफ-१ आणि गाटा-३ हे घटक कामाला लागतात. पुढं बीसीएल-११बी येतो आणि बाकीच्या वाटा बुजवतो. आता ती टी-पेशीच होणार.

"एक सरी भिजली की काय करतोस?"

"तिचं दार बांधतो, पुढच्या सरीचं मोडतो."

थायमसच्या शेवटच्या टप्प्यात नेमकं हेच घडतं. थपॉक हा घटक असला तर टी-पेशी मदतनीस होते, रंक्स-३ असला तर मारक, आणि दोघं एकमेकांना दाबून धरतात. थपॉक बिघडलेल्या उंदरांत मदतनीस व्हायच्या पेशी मारक होतात. २००५ साली त्यामागचं जनुक सापडलं. "म्हणजे पाणी भलत्याच सरीला गेलं," तो म्हणाला. एवढं नेमकं उत्तर मला वर्षभरात मिळालं नव्हतं.

१०.३०. प्रयोगशाळा. हातमोजे घालून मुलींनी सकाळच्या मानेतले थायमसचे मणी सुटे केले. थायमसमध्ये घडणाऱ्या शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त पेशी तिथंच मरतात: काहींना काहीच ओळखता येत नाही म्हणून, काही आपल्याच शरीरावर उठतील म्हणून. माणसात ही ग्रंथी छातीच्या हाडामागं असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. या नावावर वर्ग बराच वेळ बोलत राहिला.

१.००. डबा, जर्नलं तपासणं.

४.००. उद्याची तयारी. सॅटबी-१ हे प्रथिन थायमसच्या पेशीत डीएनएच्या घड्या घालून लांबलांबची जनुकं जवळ आणतं. त्यावर डॉ. संजीव गलांडे यांच्या गटानं पुण्यात, आधी राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आणि पुढं आयसरमध्ये, काम केलं. हे मुलांना सांगायलाच हवं. 'टी-पेशी थायमसमध्ये परिपक्व होतात' एवढ्या एका वाक्यावर धडा सोडून देणं मला पटत नाही.

५.३०. घरी निघताना जीवशास्त्राच्या शिक्षकांना एवढंच सांगतो: पुढच्या वेळी हा धडा घ्याल तेव्हा सकाळी कोंबडीची एक मान मागून आणा, आणि दारं धरून आलेल्या मुलाला झोपू देऊ नका, त्याला फळ्याजवळ बोलवा.