जर्मेनियमची ऊब आणि चेन्नईचे ऊन

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चेन्नईकडे ‘अग्निनक्षत्रम्’ सुरू होते. सुमारे पंचवीस दिवसांचा हा काळ. दुपारचा पारा ४० अंशांकडे झुकतो. ३१ मे २००३ रोजी तर तो ४५ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत माणसाची गात्रे शिथिल व्हावीत यात नवल नाही. परंतु एका लहानशा वाद्योपकरणाचीही तीच गत होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. विद्युत्-गिटार वाजविणाऱ्याच्या पायाशी एक डबी असते. तिला ‘फझ’ असे म्हणतात. डिसेंबरातील संगीतोत्सवाच्या दिवसांत ही डबी गोलसर, भरदार, काहीशी सनईच्या कुळातला वाटावा असा नाद देते. आणि मेमध्ये तीच डबी अडखळत, तुटक, कोरडी बोलू लागते. तिच्यात बिघाड झालेला नसतो. बॅटरीही नवी असते. हा सारा खेळ तिच्यातल्या एका धातुसदृश मूलद्रव्याच्या स्वभावाचा असतो.

फझ या शब्दाचा अर्थ कापडावरची लव. स्वराच्या कडेवर अशी बारीक लव यावी, एवढाच या उपकरणाचा हेतू. आरंभ मात्र अपघाताने झाला. मार्टी रॉबिन्स यांचे १९६१ साली गाजलेले एक गीत अमेरिकेत नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रित होत असता यंत्रातील एक भाग नादुरुस्त झाला, आणि ग्रेडी मार्टिन यांचे वाद्य घरघरत्या आवाजात मुद्रित झाले. लोकांना ती घरघर आवडली! १९६२ साली ‘माएस्ट्रो’ या नावाने तीच घरघर मुद्दाम निर्माण करणारी डबी विक्रीस आली, आणि १९६६ साली लंडनमध्ये ‘फझ फेस’ नावाची वाटोळी डबी निघाली. जिमी हेंड्रिक्स यांच्या वादनामुळे ती जगभर माहीत झाली. हिचे अंतरंग पाहिले तर कोणीही चकित व्हावे: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर, दोन नियंत्रक आणि ९ व्होल्टांची एक बॅटरी. बस्स, एवढेच.

ही सामग्री करते काय? गिटारच्या तारेचा तरंग ती प्रमाणाबाहेर वाढविते. ट्रान्झिस्टरला बॅटरीच्या पलीकडे उडी मारता येत नाही. म्हणून तरंगाची शिखरे माथ्याशी छाटली जातात. छाटलेल्या तरंगात मूळ स्वराखेरीज त्याचे उपस्वर भरून येतात: दुप्पट कंपनसंख्येचा तार षड्ज, तिप्पटीचा तार पंचम, आणि वर पाचपटीचा गंधार. तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार ज्यांनी लक्षपूर्वक ऐकला आहे, त्यांना ही गोष्ट अपरिचित वाटू नये. तानपुऱ्याच्या रुंद घोडीवर तार चाटून जाते, दोऱ्याने तिची जागा साधली जाते, आणि जवारी ‘खुलते’ तेव्हा हेच घडते. एका स्वराची शक्ती त्याच्या उपस्वरांत वाटली जाते.

या बाबतीत चंद्रशेखर वेंकट रामन यांचा एक जुना निबंध आठवण्याजोगा आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांच्या घोडीसंबंधी निरीक्षणे प्रसिद्ध केली. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू येतो तो उपस्वर ऐकू येता कामा नये, असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम. तंबोऱ्याच्या घोडीमुळे तो उपस्वरही ठणठणीत ऐकू येतो, असे त्यांनी दाखविले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले, ती तंतुवाद्यांच्या कारागिरांची नगरी. आणि त्यांचा अंत २७ ऑक्टोबर १९३७ रोजी झाला तो मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोविल स्थानकावर. मिरजेचा भोपळ्याचा तानपुरा आणि तंजावरचा फणसाच्या लाकडाचा तंबुरा यांची घडण निराळी. परंतु जवारी लावणारा कारागीर दोन्हीकडे कानानेच निवाडा करतो. फझच्या डबीतही अखेरचा निवाडा कानाचाच. मात्र येथे कानाआधी मोजमाप करावे लागते.

आता जर्मेनियमकडे वळू. मेंडेलेव्ह यांनी १८७१ साली या मूलद्रव्याचे भाकीत केले तेव्हा त्याला ‘एक-सिलिकॉन’ असे नाव दिले होते, आणि त्यातील ‘एक’ हा आपला संस्कृत शब्द आहे. १८८६ साली विंक्लर यांनी ते शोधून काढले. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर बनला तो याचाच. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर पुढे १९५४ साली आला आणि काही वर्षांतच त्याने जर्मेनियमला बाजूस सारले. कारण उघड होते. सिलिकॉन उष्णता सोसतो. जर्मेनियम सोसत नाही.

गिटारवादकांना मात्र जर्मेनियमच हवे असते. सिलिकॉन तरंगाचे शिखर विळ्याने कापल्यासारखे उडवितो. जर्मेनियम, सुताराने फळीची कड रंध्याने मारून घ्यावी तसे, ते गोलसर उतरविते. शिवाय जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर फार वरच्या कंपनसंख्यांना मंद असल्याने बोचरे उपस्वर आपोआप दबतात. वाद्यावरचा आवाज थोडा कमी केला की लव झडून नाद पुन्हा स्वच्छ होतो. एकाच बोटाच्या हालचालीने गुरगुर आणि गुणगुण दोन्ही साधतात. यालाच ‘ऊब’ म्हणतात. परंतु जर्मेनियम लिहिलेले दिसले की ऊब आलीच, असे मानणे भोळेपणाचे आहे. निम्म्याहून अधिक जर्मेनियम ट्रान्झिस्टर या कामी निरुपयोगी ठरले तरी आश्चर्य वाटू नये. सगळी मातब्बरी आहे ती गळतीची.

गळती म्हणजे काय? तोटी पूर्ण बंद करूनही नळ ठिबकत राहावा, तसा ट्रान्झिस्टरला नियंत्रक प्रवाह न देताही त्यातून थोडा प्रवाह झिरपत असतो. जर्मेनियममधील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास लागणारी ऊर्जा सिलिकॉनच्या मानाने बरीच कमी. म्हणून हवेची उष्णता हेच काम फुकट करून टाकते. तपमान सुमारे १० अंशांनी वाढले की ही गळती जवळपास दुप्पट होते. वातानुकूलित खोलीत २५ अंशांवर १०० मायक्रोअँपिअर गळणारा ट्रान्झिस्टर ३५ अंशांवर २०० गळेल, आणि उन्हात तापलेल्या बंद डबीत, ४५ अंशांवर, ४००. आता फझ फेसच्या रचनेत पहिल्या ट्रान्झिस्टरला ३३ हजार ओहमच्या रेझिस्टरमधून प्रवाह मिळतो. ९ व्होल्टांच्या हिशेबाने तो जास्तीत जास्त २७० मायक्रोअँपिअर. गळतीच जर तेवढी होऊ लागली, तर काम करण्यास उरले काय? समतोल राखण्याची थोडीफार सोय मंडलात आहे. पण ती पुरी पडत नाही. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट असावेत. ते तेथून सरकतात, तरंगाची एक बाजू गुदमरते, आणि स्वर मध्येच तुटतो. चेन्नईच्या मे महिन्यातील अडखळणारी डबी ती हीच.

चेन्नईला विद्युत्-तंतुवाद्य परके नाही. पालकोल येथे १९६९ साली जन्मलेले उप्पलपु श्रीनिवास यांनी पाच तारांच्या विद्युत्-मेंडोलिनवर कर्नाटक संगीत उभे केले आणि २०१४ साली चेन्नईतच देह ठेवेपर्यंत ते सभांतून मानाने वाजवीत राहिले. त्यांचा नाद निर्मळ होता. परंतु गमकासाठी स्वर टिकून राहावा ही जी गरज, ती फझही आपल्या परीने भागविते. छाटलेला तरंग सावकाश ओसरतो, म्हणून स्वर लांबतो. फझमध्ये दोन तारा एकदम छेडल्या तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर उपजतात आणि गोंधळ माजतो. षड्ज-पंचमाची जोडी तेवढी खपून जाते. पाश्चात्त्यांच्या स्वरसंघातापेक्षा आपल्या एकेरी स्वरमालिकेलाच हे उपकरण अधिक मानवते, असे म्हणण्यास जागा आहे.

सुदैवाने या ट्रान्झिस्टरांसाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ साली जर्मेनियमची निर्मिती सुरू केली, आणि एसी १२६, एसी १२७, एसी १२८ ही कुळे घरोघरच्या ट्रान्झिस्टर रेडिओंत जाऊन बसली. आज ते उत्पादन नाही. जे आहे ते जुन्या रेडिओंच्या पोटात आणि दुकानांच्या तळाच्या खोक्यांत. अण्णा सालईलगतची रिची स्ट्रीट ही चेन्नईची सुट्या भागांची पेठ; संगणक आणि दूरध्वनींच्या गर्दीतून तेथे अशी खोकी धुंडाळावी लागतात. एक रेडिओ भंगारात वितळला की हा साठा तेवढ्याने कायमचा घटतो.

धुंडाळणाऱ्याची फसगत होते ती मोजमापात. साध्या मल्टिमीटरवर गुणक पाहिला तर त्यात गळतीही मिसळलेली असते. ४ मायक्रोअँपिअर नियंत्रक प्रवाह दिला आणि ४०० बाहेर आले, म्हणजे गुणक १०० असे मीटर सांगते. पण नियंत्रक प्रवाह काढून घेतल्यावरही १२० वाहत असतील, तर खरा हिशेब २८० चा, गुणक ७०. म्हणून आधी गळती मोजावी, मग एकूण प्रवाह, आणि वजाबाकी करावी. पहिल्या ट्रान्झिस्टरला ७० च्या आसपास आणि दुसऱ्याला १२० च्या आसपास खरा गुणक चांगला मानतात. मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नये. बोटाच्या उष्णतेनेच आकडा चढू लागतो.

उष्ण प्रदेशासाठी आणखी दोन उपाय प्रचलित आहेत. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरील ठराविक रेझिस्टरऐवजी प्रिसेट बसवावा, म्हणजे ऋतुमानाप्रमाणे साडेचार व्होल्ट पुन्हा साधता येतात. दुसरा उपाय, पहिल्या जागी सिलिकॉन आणि दुसऱ्या जागी जर्मेनियम योजण्याचा. शुद्धतावाद्यांना तो रुचत नाही, परंतु खुल्या रंगमंचावर वाजविणाऱ्याला तो तारतो. त्याहून साधी गोष्ट, खरेदीच मेच्या भर दुपारी करावी. त्या वेळी ज्याची गळती आटोक्यात राहते, तो ट्रान्झिस्टर डिसेंबरातही चालतो; प्रिसेट किंचित फिरवावा लागतो, इतकेच.