लहान विमानाची दांडी

रेडिओवर चालणारे छोटे विमान घिरट्या घालू लागले, की आपले लक्ष इंजिनाकडे व पंखांकडे जाते. पोटातली सडपातळ दांडी कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु सर्व्हो नामक चिमुकल्या मोटारीची हालचाल शेपटीवरच्या हलत्या पट्टीपर्यंत तीच पोचविते. तिने दगा दिला, तर विमान कोसळते. आणि खाली माणसे असतात.

मग ही दांडी कशाची असावी? ओढण्याचे काम बारीक तारही करते. खरी कसोटी लागते ती ढकलताना. लांब काडी दोन्ही टोकांनी दाबली, की ती मध्येच वाकते. लांबी दुप्पट झाली, तर दाब सोसण्याची तिची शक्ती चौथाईवर येते. म्हणून पोलादी तार आखूड अंतरालाच बरी; लांब पल्ल्याला मधून मधून आधार द्यावा, किंवा लाकडाची दांडी वा कार्बनतंतूंची नळी घ्यावी.

दुसरी कसोटी उन्हाची. तापमान 20 अंशांनी चढले, तर एक मीटर नायलॉन सुमारे दीड मिलिमीटर वाढते, पोलाद पाव मिलिमीटर, कार्बन जवळजवळ नाहीच. सकाळी सरळ उडालेले विमान दुपारी नाक वरखाली करू लागते, त्याचे हेही एक कारण. मात्र कार्बन विद्युत्‌वाहक असल्याने रेडिओची अँटेना त्यापासून दूर ठेवावी.

आमचे सांगणे एवढेच : उड्डाणापूर्वी पट्टी बोटांनी हलकेच धरून सर्व्होला ढकलू द्यावे. दांडी वाकली, तर त्या दिवशी विमान घरी न्यावे.