पाण्याआधीचा निकाल

लाफ्रॉइगची दहा वर्षे पिंपात मुरलेली ‘कास्क स्ट्रेंग्थ’ पहिल्यांदा चाखली, तेव्हा वहीत एकच शब्द लिहिला : ‘जाळ’. ती स्कॉटलंडच्या आयला बेटावरची. (उच्चार खरोखरच असा आहे, मराठी कानांनी रागावू नये.) निकाल चुकला होता, आणि चूक माझ्या घाईची होती.

एरवी सिंगल माल्ट पाणी घालून ४० ते ४६ टक्क्यांवर आणतात, मग बाटलीत भरतात. ही मात्र पिंपातल्याच ताकदीने येते. बॅचगणिक अल्कोहोल ५५ ते ६० टक्के. म्हणजे पाण्याचे काम पिणाऱ्यावर सोडलेले.

२०१७ साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातील ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी पाणी, इथेनॉल आणि धुरकट वासाचे ग्वायाकॉल यांचे मिश्रण संगणकावर तपासले. इथेनॉल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायाकॉल पृष्ठभागाशी, म्हणजे नाकाजवळ राहते. ५९च्या वर इथेनॉलचे रेणू त्याला वेढतात आणि ते आत दडते. खऱ्या व्हिस्कीत शेकडो संयुगे असतात, त्यामुळे तीन घटकांच्या या प्रतिकृतीला मी अखेरचा शब्द मानत नाही. माझ्या पेल्यापुरती मात्र ती पटली.

आता २५ मिलिलिटर घेऊन आधी निर्जळच हुंगतो, तोंड किंचित उघडे ठेवून. नाहीतर नाक बधिर होते. मग चमच्या-चमच्याने पाणी. ५८ टक्क्यांची व्हिस्की ७ मिलिलिटर पाण्याने ४५च्या आसपास येते. जाळ ओसरतो, आयोडीन, ओली राख आणि मागून माल्टचा गोडवा येतो. पेला जरा गढुळला तरी तो दोष नव्हे, पाण्यात न विरघळणारी तेलकट एस्टर ती.

वहीतला ‘जाळ’ खोडलेला नाही. पुढे कंसात ‘पाण्याआधी’ एवढे लिहिले आहे.