गोवंडीचं वऱ्हाड माणला येतंय? मंडपाआधी या गोष्टी ठरवा

दहिवडी : लग्नसराई जवळ आली की माण-खटावच्या गावांत मुंबईहून फोन सुरू होतात. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर भागात कामाधंद्यासाठी स्थायिक झालेल्या अनेक घरांना लग्न गावीच करायचं असतं. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत हळद करता येत नाही, हॉलचं भाडं झेपत नाही आणि गावी भावकीही हाताशी असते. श्रीमंतांच्या घरी याला ‘डेस्टिनेशन वेडिंग’ म्हणतात. मुंबईच्या पाहुण्याला उदयपूर काय आणि दहिवडी काय, दोन्हीकडे घर सोडून मुक्कामाला जायचंच असतं.

म्हणूनच खर्चाची सुरुवात स्टेज आणि डीजेपासून करू नये. ज्या लग्नात पाणी वेळेवर मिळालं, अंग टाकायला जागा मिळाली आणि परतीची गाडी चुकली नाही, तेच लग्न पाहुणे पुढं दहा वर्षं सांगतात.

आधी गाडी, मग पत्रिका

गोवंडीहून दहिवडी साधारण ३०० किलोमीटर. वाटेत खंडाळ्याच्या घाटात शनिवार-रविवारी गाड्या अडकतात, त्यामुळे सात-आठ तास धरून चालावं. रोजावर काम करणारा पाहुणा दोन दिवस आला तर त्याचा दोन दिवसांचा रोज बुडतो. त्याचा आहेर तिथूनच सुरू होतो, हे यजमानानं विसरू नये. शनिवारी रात्री निघून रविवारी लग्न आणि सोमवारी पहाटे गोवंडीत परत, असा बेत केला तर बहुतेकांचा एकही खाडा होत नाही. तारीख मात्र निदान दोन महिने आधी कळवावी. साताऱ्यापर्यंत रेल्वेनं येणाऱ्यांसाठीही हे सोयीचं, कारण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच खुलं होतं.

लग्नासाठी अख्खी एसटी ठरवता येते. एसटीच्या भाषेत त्याला ‘प्रासंगिक करार’ म्हणतात. आगारात जाऊन किलोमीटरचा दर, थांबून राहण्याचे तास, टोल आणि अनामत रक्कम लेखी विचारून घ्यावी. ठरवण्याआधी एक हिशेब जरूर करावा. नियमित एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. वऱ्हाडात बायका आणि म्हातारी माणसं जास्त असतील तर नियमित गाडीची तिकिटं स्वस्त पडू शकतात. करारावरच्या गाडीचं भाडं किलोमीटरवर ठरतं, तिथं हा हिशेब लागत नाही. खासगी बस केली तर रात्रभर चालवून आलेल्या चालकाला गावात झोपायला जागा द्यावी. परतीला तोच गाडी चालवणार असतो.

पाणी, झोप आणि संडास

माण हा दुष्काळी तालुका. एप्रिल-मेमध्ये गावच्या नळाला पाणी कधी येतं, हे मुंबईकरानं गृहीत धरू नये. पिण्यासाठी माणशी ४ लिटर धरले तरी ५०० पाहुण्यांना २,००० लिटर लागतात. स्वयंपाक, भांडी आणि आंघोळ वेगळी. टँकर लग्नाच्या आदल्या दिवशीच भरून उभा करावा. पिण्याचं पाणी वेगळ्या झाकलेल्या टाकीत ठेवावं.

मुक्कामाला समाजमंदिर किंवा सुट्टीत रिकामी असलेली जिल्हा परिषदेची शाळा मिळू शकते. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी आधी घ्यावी. संडास किती आहेत, त्यात पाणी आहे का, रात्री दिवा लागतो का, हे घरातल्या बाईमाणसानं स्वतः जाऊन पाहावं. शंभर बायकांना दोन संडास असले तर लग्नाची आठवण वेगळीच राहते.

वेळ उन्हाची नको

भर दुपारी अक्षता पडल्या की म्हातारी माणसं आणि लेकरं उन्हानं कासावीस होतात. मुहूर्त पाहणाऱ्यांनी गोरज मुहूर्त विचारावा. बौद्ध पद्धतीच्या लग्नाला मुहूर्ताचं बंधन नाही, सकाळी नऊला मंगल परिणय उरकता येतो. निकाह असर किंवा मगरिबनंतर ठेवता येतो. लग्न संध्याकाळी असेल तर परतीची गाडी जेवणं उरकल्यावर लगेच सोडावी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, तेव्हा वरात त्याआधी संपवावी.

गावाचं ते गावातच

पाहुणा इतका लांब आलाय तर त्याला गाव दाखवावं. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव, गोंदवले, म्हसवडचा सिद्धनाथ, सगळं याच तालुक्यात. शिंगणापूरला तर दरवर्षी चैत्र शुद्ध अष्टमीला शिव-पार्वतीचं लग्न लागतं. सासवडची तेल्या भुत्याची कावड मुंगी घाट चढून त्या यात्रेला येते. इतक्या लांबून वऱ्हाडी येणारं लग्न या भागाला नवं नाही. फक्त यात्रेच्या दिवसांत आपली तारीख धरू नये, रस्ते आणि गाड्या दोन्ही भरलेल्या असतात.

जेवणात पनीरच्या चार भाज्यांपेक्षा बाजरीची भाकरी, आमटी, खर्डा ठेवला तरी चालतं. मुंबईत वाढलेल्या पोरांना तेच नवं वाटतं आणि आचाऱ्याचं बिलही आवाक्यात राहतं.

दाखला विसरू नका

लग्न गावी आणि संसार गोवंडीत असला की नोंदणी राहून जाते. पुढं पासपोर्ट, रेशनकार्डावर नाव चढवणं किंवा वारसाचं काम निघालं की धावपळ होते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार लग्नाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते आणि तीन साक्षीदार लागतात. गावात हे काम ग्रामपंचायतीत होतं, मुंबईत महापालिकेच्या विभाग कार्यालयात. गोवंडी ‘एम पूर्व’ विभागात येते. नोंदणी कुठं करायची ते आधीच ठरवून कागदांची यादी घ्यावी. वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका एका पिशवीत घालून ती घरच्या एका जबाबदार माणसाकडं द्यावी. साक्षीदार गावचे असतील तर सह्या वऱ्हाड परतण्याआधीच उरकाव्यात. नंतर तीन माणसांना पुन्हा ३०० किलोमीटर बोलावणं कुणालाच परवडत नाही.