फुकटच्या भाषेचा पगार कोणी दिला?

मे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकरकपात केली आणि पायथन या संगणकीय भाषेचा वेग वाढवण्यासाठी स्वतःच उभारलेल्या चमूतल्या काहींना घरी बसवलं. एप्रिल 2024 मध्ये गूगलने अमेरिकेतल्या आपल्या पायथन चमूला नारळ दिला होता. तेल्हाऱ्याचा पोरगा अकोल्या-अमरावतीच्या कॉलेजात जी भाषा एक पैसा न भरता शिकतो, तिची देखभाल करणाऱ्यांनाही घर चालवावं लागतं. हा खर्च आजवर कोणी उचलला, ते पाहिलं तर श्रेय एका दुर्लक्षित घटकाकडे जातं : छोटी कन्सल्टिंग कंपनी.

सुरुवातीची वर्षं हौसेची होती. 2001 मध्ये ऑस्टिनला एनथॉट ही कन्सल्टिंग कंपनी स्थापन झाली, त्याच वर्षी सायपाय हे पायथनमधलं वैज्ञानिक गणिताचं साधन आलं. 2006 मध्ये नमपाय या पायथनमधल्या आकडेमोडीच्या साधनाची पहिली पक्की आवृत्ती निघाली. खरं दशक त्यानंतरचं, 2009 ते 2019 चं. एनथॉट ग्राहकांना सॉफ्टवेअर बांधून द्यायची, प्रशिक्षण द्यायची आणि त्याच उत्पन्नातून खुल्या कोडवर राबणारी माणसं पोसायची. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांच्या मायावी या त्रिमितीय आलेखनाच्या साधनालाही तिचं पाठबळ मिळालं. नमपायचे जनक ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी 2012 मध्ये पीटर वँग यांच्यासोबत कॉन्टिन्युअम, म्हणजे आजची अ‍ॅनाकोंडा, काढली. तिथून नंबा आणि कोंडा ही पायथनची साधनं आली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने केंद्र सरकारच्या पैशातून पाठ्यपुस्तकांतली उदाहरणं सायलॅब हे गणिती सॉफ्टवेअर आणि पायथन यांत सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधन दिलं. कोड लिहिणं हे मोबदल्याचं काम आहे, हे त्या दशकाने शिकवलं. आज तो धडा विसरला जातोय, याचं दुःख आहे.

यावर आक्षेप असा, की ग्राहक नव्या सोयीसाठी पैसे मोजतो, जुन्या कोडच्या डागडुजीसाठी नाही. आक्षेप खरा आहे. जगभरच्या प्रयोगशाळा ज्यावर विसंबल्या, त्या नमपायला विकासासाठी पहिलं मोठं थेट अनुदान 2017 मध्ये मिळालं, तेही मूर फाउंडेशन या खासगी संस्थेकडून. पण यात दोष कन्सल्टिंगचा कमी आणि वापरणाऱ्यांचा जास्त. 2020 मध्ये अ‍ॅनाकोंडाने दोनशेहून अधिक माणसांच्या व्यावसायिक संस्थांकडून शुल्क मागितलं, तेव्हा विश्वासघात झाल्याची ओरड उठली. त्याआधीची सगळी वर्षं वापर बिनबोभाट चालला होता. बड्या कंपनीचा आश्रय एका निर्णयाने जातो, सरकारी प्रकल्प मुदत संपली की आटतो. कन्सल्टिंग कंपनीचे ग्राहक मात्र अनेक असतात. एक गेला म्हणून सगळं काम थांबत नाही.

म्हणून पुण्या-मुंबईच्या ज्या कंपन्या पायथनच्या कामाची बिलं फाडतात, त्यांनी दर शंभर तासांतले दोन तास मूळ भाषेच्या डागडुजीला द्यावेत, आणि ते पगारी असावेत. अमरावती विद्यापीठाने अशा कामाला प्रकल्पाचे गुण द्यावेत. कमाई ज्या भाषेवर, तिच्या देखभालीचा वाटा उचलणं हे कर्तव्य आहे. त्याला दान म्हणू नये.