सूज उतरते, पण अपाय तर होत नाही ना?

लावणीचे दिवस सरले आणि हवेत गारवा आला, की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. कुणाचे गुडघे धरतात, कुणाची कंबर, कुणाच्या बोटांची पेरे सुजून येतात. वर्षानुवर्षे चिखलात वाकून लावणी केलेल्या आणि डोईवर भारे वाहिलेल्या माणसांचे हे दुखणे आहे. मग औषधांची चर्चा सुरू होते. कुणी निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगतो, कुणी एरंडाचे पान तापवून बांधायला सांगतो, कुणी हळदीचा लेप. आठवड्याच्या बाजारात गेलेला माणूस पथारीवरून एखादी 'जंगली जडीबुटी'ची पुडी घेऊन येतो. आत काय आहे असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "झाडपाल्याचे औषध आहे. गुण आला तर आला, अपाय तर काही नाही!"

या उत्तराचा शेवटचा भाग कितपत खरा आहे, हे आज पाहू या. झाडपाल्यात गुण आहेत यात शंका नाही. पण गुण असणे ही एक गोष्ट आणि निर्धोक असणे ही दुसरी. दोन्हींची परीक्षा वेगवेगळी घ्यावी लागते.

झाडाचे म्हणजे निर्धोक?

आपल्याच शिवारातली उदाहरणे घ्या. बिब्बा औषधी आहे, पण तो अंगावर उतला की काय हाल होतात हे ज्याने भोगले त्याला सांगायला नको. कण्हेरीचे फूल देवाला चालते, पण तिचे मूळ किंवा बी पोटात गेले तर हृदयाची गती बिघडून माणूस दगावतो. एरंडाची गोष्ट तर आणखी शिकवणारी आहे. एरंडेल तेल आपण पोट साफ होण्यासाठी घेतो. पण त्याच बियांत रायसिन नावाचे जहाल विष असते. घाण्यातून तेल काढले की हे विष तेलात न येता पेंडीत राहते. म्हणून एरंडीची पेंड खत म्हणून शेतात टाकतात, जनावरांपुढे टाकत नाहीत.

म्हणजे झाड एकच, पण त्यातून काय काढले आणि कसे काढले यावर औषध की विष ते ठरते. झाडपाल्याची शास्त्रीय पारख नेमकी येथून सुरू होते. ही पारख कशी होते हे समजण्यासाठी आपल्या ओळखीचे एक झाड घेऊ. ते म्हणजे सालई.

सालईचा डिंक

सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या कोरड्या, खडकाळ डोंगरांवर सालईची झाडे उभी असतात. सालीला चीर दिली की सुवासिक डिंक पाझरतो. लोक तो धूप म्हणून जाळतात. आयुर्वेदात या झाडाला शल्लकी म्हणतात आणि सांध्यांच्या दुखण्यावर त्याचा डिंक फार पूर्वीपासून सांगितला आहे. परंपरेने सांगितले हे मोलाचेच, कारण हजारो झाडांतून नेमके कोणते तपासायचे याची वाट परंपरा दाखवते. पण वाट दाखवली म्हणजे मुक्कामाला पोहोचलो असे होत नाही.

पहिले काम ओळख पटवण्याचे. एकाच नावाची दोन झाडे आणि एकाच झाडाची चार नावे ही आपल्याकडची नेहमीची अडचण. म्हणून फांदी, पान, फूल असा वाळवलेला नमुना जाणकार वनस्पतीतज्ज्ञाकडून तपासून घेतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संशोधन संस्था येथे असे नमुने जपून ठेवलेले आहेत व त्यांच्याशी ताडून ओळख पटवता येते.

दुसरे काम अर्क काढण्याचे. चहाची पत्ती पाण्यात उकळली की जे उतरते ते तेलात उतरत नाही. तसेच प्रत्येक वनस्पतीचे आहे. सालईच्या डिंकातला चिकट भाग पाण्यात विरघळतो, पण बोसवेलिक आम्ले ही त्यातली गुणकारी द्रव्ये राळेच्या भागात असतात आणि ती मद्यार्कात उतरतात. म्हणून मद्यार्कात काढलेल्या अर्काने परीक्षा पास केली, तर घरी पाण्यात उकळलेल्या काढ्यालाही तोच गुण येईल असे समजू नये. ज्याची परीक्षा झाली, तेच पास झाले.

सुजेची परीक्षा कशी घेतात?

सूज हा शरीराचा शत्रू नव्हे. काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. हा शरीराचा बचाव आहे. पण बचाव करणारेच घरात ठाण मांडून बसले की घराचे नुकसान होते. सांध्यात ठाण मांडून बसणारी सूज ही अशी असते.

प्रयोगशाळेत सर्वांत स्वस्त चाचणी बाटलीतली. अंड्याचा पांढरा भाग तापवला की तो गोठतो. अर्क घातल्यावर हे गोठणे किती कमी होते ते मोजतात. ही चाचणी सोपी असते, पण तिच्यावरून एवढेच कळते की पुढे तपासायला हरकत नाही. बाटलीला ना पोट असते, ना यकृत. एवढ्या चाचणीवर 'सांधेदुखीवर गुणकारी' अशी जाहिरात कुणी केली तर ती फसवणूक समजावी.

त्यापुढची चाचणी पांढऱ्या उंदरांवर होते. तीसाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. समुद्री शेवाळापासून काढलेले कॅरॅजीनन नावाचे द्रव्य उंदराच्या मागच्या पंजात अगदी थोडे टोचतात. काही तासांत पंजा सुजतो. पंजा द्रवात बुडवला की किती द्रव वर सरकतो, यावरून सूज मोजतात. १९६२ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि आजही ती जगभर वापरात आहे. उंदरांचे गट पाडलेले असतात. एका गटाला औषधच नाही, दुसऱ्याला माहितीतले सूज उतरवणारे औषध आणि बाकीच्यांना अर्काच्या कमी-जास्त मात्रा. खताच्या चाचणीत आपण एक वाफा बिनखताचा ठेवतो, तसेच हे. बिनखताचा वाफा नसेल तर पीक खताने वाढले की पावसाने, हे कसे कळणार?

जम्मूच्या प्रयोगशाळेने काय पाहिले?

जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत (पुढे तिचे नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन झाले) जी. बी. सिंह आणि सी. के. अटल या शास्त्रज्ञांनी सालईच्या डिंकाचा मद्यार्कातला अर्क असाच तपासला. १९८६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पंजाची सूज स्पष्ट कमी झाली. संधिवातासारखे दुखणे मुद्दाम निर्माण केलेल्या उंदरांतही फायदा दिसला.

मग त्यांनी एक शंका काढली. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःच सूज उतरवणारा स्राव बनवतात. अर्क फक्त त्या ग्रंथींना डिवचत असेल तर? म्हणून त्या ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना अर्क दिला. परिणाम तितकाच आला. म्हणजे गुण अर्काचाच होता.

पण त्यांनी न जमलेल्या गोष्टीही लिहून ठेवल्या, हे विशेष. कातडीखाली कापसाची गोळी ठेवून तिच्याभोवती वाढणारी गाठ पाहण्याची एक चाचणी असते. त्यात या अर्काचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. अर्काने ताप उतरला नाही आणि तो थेट वेदनाशामकही ठरला नाही. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

अपायाची परीक्षा

सूज उतरवणाऱ्या औषधांचा जुना दोष पोटाचा. विलोच्या सालीच्या गुणांवरून शोध पुढे गेला आणि १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲस्पिरिन तयार झाले. औषध मोठे गुणाचे, पण अनेकांच्या पोटात त्याने व्रण पडत. असे का होते याचे उत्तर इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दिले. सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये हे औषध बनू देत नाही, पण त्याच जातीची द्रव्ये पोटाच्या अस्तराचे रक्षणही करत असतात. या कामासाठी व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून जम्मूच्या शास्त्रज्ञांनी उंदरांचे पोटही तपासले. सालईच्या अर्काने व्रण पडले नव्हते. हृदय, श्वास, मेंदू यांच्या कामात बिघाड दिसला नाही. किलो वजनामागे २ ग्रॅमपर्यंत मात्रा देऊनही निम्मे प्राणी दगावण्याची पातळी आली नाही. पुढे जर्मनीतील शास्त्रज्ञांनी दाखवले की बोसवेलिक आम्ले ॲस्पिरिनपेक्षा वेगळ्या वाटेने, ल्युकोट्राइन नावाची द्रव्ये रोखून काम करतात. नंतरच्या संशोधनात आणखीही वाटा पुढे आल्या.

पण एका मोठ्या मात्रेने प्राणी मेला नाही म्हणजे औषध निर्धोक ठरले असे नाही. सांधेदुखीवाला माणूस औषध महिनोन्‌महिने घेतो. म्हणून प्राण्यांना २८ दिवस, ९० दिवस रोज अर्क देऊन वजन, रक्त, यकृत, मूत्रपिंड तपासावे लागते. गर्भावर होणारा परिणाम वेगळा पाहावा लागतो. एवढे करूनही उंदराला सोसले ते माणसाला सोसेलच, याची हमी नसते.

नागपूरचा अनुभव

माणसांवरची एक चाचणी आपल्या महाराष्ट्रातच झाली. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी ती २००३ साली प्रसिद्ध केली. गुडघ्याची झीज झालेले ३० रुग्ण घेतले. १५ जणांना सालईचा अर्क आणि १५ जणांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या आठ आठवडे दिल्या. कुणाला काय मिळते हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. मध्ये काही दिवस खंड पाडून गटांची अदलाबदल केली. अर्क घेताना गुडघेदुखी कमी झाली, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. पोटाच्या किरकोळ तक्रारींखेरीज त्रास झाला नाही. मात्र क्ष-किरण चित्रात फरक पडला नाही. झिजलेला गुडघा नवा झाला नव्हता.

तीस रुग्ण म्हणजे लहानच चाचणी. २०१४ साली अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही सालईच्या अर्काने दुखणे व हालचाल यांत थोडा फायदा दिसला. 'थोडा' हाच प्रामाणिक शब्द आहे.

नावाचा घोटाळा, पुडीतली भेसळ

ओळख चुकली तर काय होते, याचा धडा बेल्जियममध्ये मिळाला. ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्यासाठी बायकांना एक चिनी वनस्पती द्यायची होती. नावातल्या साम्यामुळे तिच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच वनस्पती आली. १९९३ मध्ये हा प्रकार उघडकीस आला. शंभरावर रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडची सापसंद याच कुळातली आहे, तेव्हा ती पोटात घेऊ नये.

आता मघाचा मुद्दा. सालईसारखा चांगला अर्कसुद्धा तडकाफडकी दुखणे थांबवत नाही, त्याला दिवस लागतात. मग बाजारातल्या पुडीने दोन दिवसांत माणूस धावू कसा लागतो? अशा पुड्यांत अनेकदा झाडपाला नावापुरता असतो आणि डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड औषधे वाटून मिसळलेली असतात. गुण विलक्षण येतो. पण काही महिन्यांत तोंड गोल सुजते, वजन आणि रक्तातली साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, जखमा भरत नाहीत.

हे ध्यानात ठेवा

दोन दिवसांत चमत्कार करणारे बिननावाचे औषध घेऊ नका. वेष्टनावर घटकांची नावे, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि बनवणाऱ्याचा पत्ता असलाच पाहिजे. हे सारे असूनही दोष असू शकतो. अमेरिकेत बोस्टन भागात विकत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने २००४ मध्ये तपासली गेली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले.

पुडी घेऊन महिने झाले असतील तर घाबरून ती एकदम बंद करू नका. पुडीत स्टेरॉइड असेल तर शरीराचा स्वतःचा स्राव थंडावलेला असतो. एकाएकी पुडी थांबवल्यास रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. पुडी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा, ते मात्रा हळूहळू उतरवतील.

गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्त पातळ करणारे औषध घेणारे यांनी कोणताही अर्क विचारल्यावाचून घेऊ नये. डॉक्टरांकडे गेल्यावर घरचा काढा, चूर्ण, लेप जे काही चालू असेल ते सांगा. त्यात संकोच नको. निर्गुडीचा शेक खुशाल घ्या, भाजीत हळद घाला. पण स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

बियाणे घेताना आपण पिशवीवरची खूण पाहतो, उगवण तपासतो, मगच रान त्याच्या हवाली करतो. घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात जाणाऱ्या औषधाची चौकशी त्याहून कमी करून कसे चालेल?