तंबू कुठे लावायचा, हे तिथी सांगते

समता कॉलोनीतल्या शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "मालवणला किनाऱ्यावर तंबूत झोपता, तर रात्री पाणी आत येत नाही का?" रायपूरकरांना समुद्र लांबचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भांगाचेच दिवस निवडावेत.

वाळूवर सुक्या शेवाळाची रेघ दिसते. ती मागच्या भरतीची खूण. तंबू तिच्या बराच वर, सुरूच्या झाडांजवळ, आणि जागा कोणाची ते विचारूनच.

मग चिवला किंवा तारकर्लीला निवांत राहा. सकाळी रापण ओढतात ती जरूर पाहा. एवढी माणसं एका जाळ्याला लागलेली दुसरीकडे क्वचित दिसतात. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग होडीने गाठता येतो, पावसाळा सोडून.

रेल्वेने कुडाळला उतरा. काही विचारायचं असेल तर खाली लिहा, नक्की उत्तर देईन.